डीलर म्हणतो अख्खा किट घे, मित्र म्हणतो खेळणं आहे, मग घेऊ काय?

पत्र: सर, मी डोंबिवलीत एसी सर्व्हिसचं काम करतो. आयटीआय झालंय, आता स्वतःचं काम आहे, सोबत एक हेल्पर. बहुतेक काम घरगुती स्प्लिटचं, शिवाय दोन बँकांच्या शाखा आणि एका छोट्या हॉस्पिटलचं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) आहे, तिथे कॅसेट (छतात बसवलेले) आणि डक्टेबल (डक्टमधून हवा देणारे) एसी आहेत. डीलर मागे लागलाय की ब्लूटूथवाला प्रोबचा, म्हणजे प्रेशर आणि टेंपरेचर मोजणाऱ्या छोट्या यंत्रांचा, पूर्ण किट घे, मोबाईलवर सगळं दिसतं. माझा मित्र याच धंद्यात आहे, तो म्हणतो खेळणी आहेत, पितळी गेजवर (काट्याच्या प्रेशर मीटरवर) विश्वास ठेव. मेव्हणा दुबईत असतो, तिकडून मागवू का? कुठला घेऊ, जुना गेज सेट विकून टाकू का, आणि एवढे पैसे गिऱ्हाइकाकडून निघतील का? तुम्ही वयाने मोठे आहात, अरेतुरेच करा.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

बरं, अरेतुरे करतो. डीलर आणि मित्र दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत पण दोघांनीही एक गोष्ट तुला विचारली नाही, ती म्हणजे तू रोज कुठली मशीन उघडतोस. प्रोब त्यावर ठरतो, बॉक्सवर किती पीस लिहिलेत त्यावर नाही.

हे जे मोठे किट येतात ना, दोन प्रेशर प्रोब, दोन पाईप क्लॅम्प, दोन हवेचे प्रोब, ते मुळात अमेरिकेतल्या घरांचा विचार करून बनवलेले असतात. तिथे घराला डक्ट असते, एक्स्पान्शन वॉल्व किंवा पिस्टन आत कॉइलपाशी असतो, त्यामुळे आउटडोअरमधून निघणाऱ्या बारीक पाईपमध्ये गरम लिक्विड असतं, पूर्ण हाय प्रेशरचं, आणि आउटडोअरला दोन्ही पाईपवर सर्व्हिस पोर्ट असतात. एक प्रोब इकडे, एक तिकडे, सुपरहीट (वाफ उकळण्याच्या टेंपरेचरपेक्षा किती अंश जास्त गरम आहे) पण मिळते आणि सबकूलिंग (लिक्विड उकळण्याच्या टेंपरेचरपेक्षा किती अंश गार आहे) पण. आता तू तुझा दीड टनाचा भिंतीवरचा स्प्लिट डोळ्यासमोर आण. कॅपिलरी नाहीतर इलेक्ट्रॉनिक वॉल्व कुठे आहे? आउटडोअरच्या पोटात. म्हणजे बारीक पाईप बाहेर येतो तेव्हा प्रेशर आधीच पडलेलं असतं, हात लावलास तर पाईप गार लागतो. आणि पोर्ट एकच, जाड पाईपच्या थ्री-वे वॉल्ववर. दुसरा प्रेशर प्रोब तू लावणार कुठे? तो बॅगेतच राहणार. काही जण मग काय करतात, बारीक पाईपला क्लॅम्प लावतात आणि ॲपमध्ये सबकूलिंगचा आकडा शोधत बसतात, ॲप बिचारं काहीतरी दाखवतं किंवा काहीच दाखवत नाही, आणि मग म्हणतात प्रोब खराब आहे. प्रोब बरोबर आहे रे, त्या ठिकाणी सबकूलिंग नावाची गोष्टच नाहीये.

म्हणून घरगुती स्प्लिटसाठी माझं उत्तर सरळ आहे: एक प्रेशर प्रोब, दोन पाईप क्लॅम्प, आणि जमलं तर दोन हवेचे प्रोब, टेंपरेचर आणि ह्युमिडिटी दोन्ही दाखवणारे. दुसरा प्रेशर प्रोब नंतर, तो पण हॉस्पिटलच्या डक्टेबलला खरंच दोन पोर्ट आहेत का हे पॅनल उघडून स्वतः बघितल्यावर. असतील तर घे, तिथे सबकूलिंग लागेलच. सुटं घेता येईल असाच ब्रँड निवड, पूर्ण थाळीच घ्यावी लागेल असा नको.

आता मित्राचं "खेळणी आहेत". त्याला एक उदाहरण सांग. आर-३२ गॅसचा दीड टनाचा एसी, नॉन-इन्व्हर्टर, गेज लावला, सक्शनला, म्हणजे कंप्रेसरकडे परत येणाऱ्या बाजूला, प्रेशर ९५ पीएसआय. सीझनमध्ये आपल्याकडचे निम्मे लोक काय म्हणतील? गॅस कमी आहे साहेब, टॉप-अप करावा लागेल. आता त्याच ठिकाणी जाड पाईपला पोर्टजवळ क्लॅम्प लाव. ९५ पीएसआयला आर-३२ उकळतो साधारण उणे २ अंशाला. पाईप जर १४ अंश दाखवत असेल तर सुपरहीट झाली १६, म्हणजे कॉइलमध्ये गॅस लवकर संपतोय, पुढचा पाईप नुसता तापतोय, गॅस खरंच कमी आहे किंवा कुठेतरी चोकअप. पण पाईप जर उणे १ दाखवत असेल? सुपरहीट १. म्हणजे लिक्विड जवळजवळ कंप्रेसरच्या दारात येऊन उभं आहे. तिथे गॅस कमी नाहीये, हवा कमी आहे, जाळी चोक असेल, ब्लोअरच्या पात्यांवर मातीचा थर असेल, फॅन मोटर स्लो असेल. आणि तू वरून अजून गॅस भरलास तर लिक्विड आत जाऊन कंप्रेसरचीच वाट लागणार. प्रेशर दोन्हीकडे तेच ९५. पितळी गेजवर दोन्ही मशीन सारखीच दिसतात.

तुझा मित्र म्हणेल हे तर मी गेज आणि साधा पॉकेट थर्मामीटर घेऊन पण करतो. करत असेल तर उत्तमच, तोच खरा मेकॅनिक. पण खरं सांगू का, दिवसाला सहा-सात कॉल असताना पीटी चार्ट, म्हणजे कुठल्या प्रेशरला गॅस किती अंशाला उकळतो तो तक्ता, काढून वजाबाकी कोण करतं? प्रोब ती वजाबाकी सतत करत राहतो आणि आकडा हलताना दिसतो, जाळी काढली की सुपरहीट कशी वर जाते ते समोर दिसतं. फायदा एवढाच आहे, आणि तो कमी नाहीये.

पण ॲपमध्ये आकडा एका दशांशापर्यंत येतो म्हणून तो तितका खरा असतो असं समजू नकोस. टेस्टो कंपनीचा ५४९आय प्रेशर प्रोब घे उदाहरणाला, कारण त्याचे आकडे कंपनी स्पष्ट छापते. रेंज उणे १ ते ६० बार, अचूकता फुल स्केलच्या अर्धा टक्का. फुल स्केलच्या म्हणजे काय, तर ६० बारचा अर्धा टक्का, ०.३ बार, म्हणजे साधारण ४ पीएसआय इकडे किंवा तिकडे, प्रेशर कितीही असो. आर-३२ ला सक्शनच्या आसपास एवढ्याने उकळण्याचं टेंपरेचर अंदाजे १ अंशाने हलतं, आर-२२ ला पावणेदोन अंशांनी. त्यांचाच ११५आय क्लॅम्प घेतलास तर तो वर अजून १.३ अंशांपर्यंत चुकू शकतो. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या तर सुपरहीटमध्ये सव्वादोन ते तीन अंशांचा फरक. म्हणजे सुपरहीट ५ आहे की ६ यावर हेल्परशी वाद घालू नकोस, पण १ आहे की १६ हे मात्र प्रोब छातीठोकपणे सांगेल. कामाला तेवढं पुरतं. स्वस्तातल्या ज्या प्रोबच्या कागदावर अचूकतेचा आकडाच नाही, नुसतं "हाय प्रिसिजन" लिहिलंय, तो मात्र सोडून दे.

ह्याच हिशोबाने दोन गोष्टी कळतात ज्या डीलर सांगणार नाही. एक, हा ६० बारचा प्रोब फ्रीजला लावू नकोस. आताच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तिथे सक्शन वातावरणाच्या दाबाच्या आसपास किंवा खालीच असते, आणि तिथे ०.३ बारची चूक म्हणजे उकळण्याच्या टेंपरेचरमध्ये जवळजवळ १० अंशांचा फरक. तो आकडा असला काय नसला काय. दोन, प्रोब उणे १ बारपर्यंत दाखवतो म्हणजे तो व्हॅक्युम गेज आहे असं बिलकुल नाही. आपल्याला व्हॅक्युम बघायचा असतो ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्युम मोजायचं बारीक माप) आसपास. ०.३ बार म्हणजे किती मायक्रॉन माहितीये? सव्वादोन लाख. ज्याची चूक सव्वादोन लाखांची तो ५०० काय मोजणार. काटा उणे ३० इंचावर गेला, झाला व्हॅक्युम, असं म्हणणारे पितळी गेजवाले पण हेच करतात आणि प्रोबवाले पण. त्याला वेगळा मायक्रॉन गेज लागतो, वायरलेसमध्येही येतात, टेस्टोचाच ५५२आय आहे, पण साधा डिजिटल घेतलास तरी काम तेच.

आणि इथेच तुला न विचारलेला सल्ला देतो. तुझ्याकडे चांगला वजनकाटा आणि मायक्रॉन गेज आहे का? पत्रात दोन्हीचा उल्लेख नाही. नसतील तर प्रोब नंतर घे, हे आधी घे. तू आता जे स्प्लिट लावतोस ते बहुतेक सगळे इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरमध्ये प्रेशर बघून गॅस भरणं म्हणजे अंदाजपंचे, कारण कंप्रेसरचा स्पीड हलला की प्रेशर हललं, इलेक्ट्रॉनिक वॉल्व स्वतः उघडझाप करून सुपरहीट सांभाळत बसतो, गॅस थोडा कमी असला तरी लवकर कळू देत नाही. नेमप्लेटवर ग्रॅम लिहिलेले असतात, मशीन रिकामी कर, लीकेज काढ, नायट्रोजनने टेस्ट, व्हॅक्युम, आणि काट्यावर वजन करून भर. प्रोब नंतर लावायचा तो खात्री करायला, आणि तेव्हाही मशीन फोर्स कूलिंग किंवा टेस्ट मोडला टाकून, स्थिर झाल्यावर. नाहीतर मशीन तीस हर्ट्झवर आरामात चालली आहे आणि तू प्रेशर जास्त दिसतंय म्हणून गॅस सोडून देतोयस, असं होतं.

फिटिंगचं बोलू, कारण पहिल्याच दिवशी इथेच अडकायला होतं. आर-२२ च्या पोर्टला पाव इंची फ्लेअर, आर-४१० आणि आर-३२ ला पाच-सोळांश. प्रोब बहुतेक पाव इंचीच येतात. म्हणजे ॲडॉप्टर लागणार, आणि आत पिन दाबणारा असला पाहिजे नाहीतर प्रोब लावशील आणि शून्य दाखवेल. दुसरं, पोर्ट एकच आणि त्यावर प्रोब बसला, मग सिलिंडरची होस (नळी) कुठे लावणार? त्याला बाजूला पोर्ट असलेला टी लागतो, किंवा वॉल्व कोअर काढायचं टूल मिळतं, त्यालाच साइड पोर्ट असतो, ते घे. व्हॅक्युमला पिन काढून घेतलीस तर पंपाचं काम बरंच लवकर होतं, म्हणजे एका खर्चात दोन कामं. ॲडॉप्टरच्या रबर वॉशरचे दोन-चार एक्स्ट्रा जवळ ठेव, ते सीझनभर टिकत नाहीत.

"होस नाही म्हणजे गॅस वाचतो" असं डीलर म्हणेल. सक्शनला वाफ असते, पाच फुटी होसमध्ये वाफ मावते जेमतेम ग्रॅमभर, त्यात काय वाचणार. होस लिक्विडने भरलेली असेल तर मात्र आर-३२ चे २५-३० ग्रॅम जातात, आर-२९० चे साधारण १५, आणि गोदरेजच्या आर-२९० वाल्या मशीनमध्ये सगळा मिळून गॅसच तीनशे-साडेतीनशे ग्रॅम असतो, तिथे तेवढंही जाणवतं. होसचा खरा त्रास वेगळा आहे, ती पर्ज न करता, म्हणजे आतली हवा गॅसने बाहेर न ढकलता, लावली तर आतली हवा आणि ओल सिस्टिममध्ये जाते, प्रोबमध्ये ती जागाच जवळजवळ नसते. बाय द वे, आर-२९० वर काम करत असशील तर प्रोबच्या मॅन्युअलमध्ये ए-थ्री (सहज पेटणारा) गॅस चालेल असं लिहिलंय का ते बघ, आर-३२ साठी ए-टू-एल (कमी पेटणारा). लिहिलेलं नसेल तर त्या मशीनवर वापरू नको. आणि जळणाऱ्या गॅसजवळ बिडी-काडी नको हे हेल्परला सांगितलंयस ना, की गृहीत धरलंयस?

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर म्हणतो की घेच. डोंबिवली, ठाणे, कल्याण, तुमच्याकडे आउटडोअर कुठे असतो? इमारतीच्या डक्टच्या पाठी, ग्रिलच्या बाहेर, अकराव्या मजल्यावर एक फुटाच्या छज्ज्यावर. गेज वाचायला माणूस तिथे दहा-पंधरा मिनिटं एका हाताने ग्रिल धरून उभा असतो. प्रोब लावायला मिनिटभर, मग आत ये, फॅनखाली बसून फोनवर बघ मशीन स्थिर होईपर्यंत. पुन्हा काढायला मिनिटभर. बाहेर लटकायचा वेळ सरळ कमी होतो, पण त्या दोन मिनिटांसाठी पण बेल्ट लावायचा, प्रोब आहे म्हणून बेल्ट नको असं नाही. आणि प्रोबला दोरी बांध. हातातून सुटला तर तुझे पैसे गेले हा लहान प्रश्न, खाली कोण उभं आहे हा मोठा.

रेंजचे आकडे मात्र मोकळ्या मैदानातले असतात. फील्डपीस कंपनीवाले त्यांच्या जॉब लिंक प्रोबला हजार फूट सांगतात, टेस्टो नव्या मॉडेलला शंभर-दीडशे मीटरची भाषा करतं, पण मधे एक आरसीसी स्लॅब आली, त्यात लोखंडी सळया, की गोष्ट बदलते. एका विटेच्या भिंतीतून किंवा काचेच्या खिडकीतून ठीक चालतं. टेरेसवर आउटडोअर आणि तू दोन मजले खाली, तिथे तोंडी खात्री घेऊ नकोस, डीलरला म्हण माझ्या साइटवर आणून दाखव. डोंबिवलीतला डीलर आहे, स्कूटरवर दहा मिनिटं, येईल. नाही आला तर त्यातच उत्तर मिळालं.

फोनचं पण बघ. प्रोबला स्वतःचा डिस्प्ले नसतो, फोन बंद पडला की तू आंधळा. मे महिन्यात टेरेसवर उन्हात फोन ठेवलास तर तो गरम होऊन स्क्रीन मंद करतो, आकडा दिसत नाही, सावलीत ठेव. ॲप इंटरनेटशिवाय चालतं का ते विकत घेण्याआधी एअरप्लेन मोडला टाकून, ब्लूटूथ चालू ठेवून बघ, कारण हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये नेटवर्क नसतं आणि काही ॲप लॉगिनशिवाय पुढेच जात नाहीत. जुना अँड्रॉइड असेल, बाराच्या आधीचा, तर लोकेशन चालू केल्याशिवाय ब्लूटूथ प्रोब दिसतच नाही, लोक उगाच सेल बदलत बसतात. ॲपमधल्या गॅसच्या यादीत आर-३२ आणि आर-२९० आहेत का हे पण बघून घे, आणि यादी अपडेट होत राहते का. आर-२२ आपल्याकडे २०३० पर्यंत हद्दपार होत चाललाय, नवीन मशीनमध्ये आर-४१० च्या जागी आर-३२ आला, पुढे अजून काही येईल. पितळी गेजची तबकडी बदलता येत नाही, ॲप बदलतं, हा एक प्लस पॉइंट. पण कंपनीने ॲप सोडून दिलं तर तुझे प्रोब म्हणजे नुसते पेपरवेट, म्हणून अनोळखी नावाचा, ज्याचं ॲप दोन वर्षांपूर्वी शेवटचं अपडेट झालंय असा नको. मेजरक्विकसारखी काही ॲप वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोब चालवतात, तुझे प्रोब त्यांच्या यादीत आहेत का ते बघितलंस तर एकाच कंपनीच्या ॲपवर अडकून राहायला होत नाही. पण अशा ॲपवर मशीनचे किलोवॅट दिसले की लगेच गिऱ्हाइकाला दाखवायला जाऊ नकोस. कपॅसिटी काढायला हवा किती वाहतेय ते लागतं, तू ते मोजलेलं नसतंस, बऱ्याचदा आत टनाला चारशे सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) हा अमेरिकन ठोकताळा धरलेला असतो. भिंतीवरच्या स्प्लिटला तो बसेलच असं नाही. तो आकडा स्वतःपुरता ठेव, आधी आणि नंतर यातला फरक बघायला चांगला.

हवेचे प्रोब मी का सांगितले? कारण नुसता ग्रिलचा टेंपरेचर फरक फसवतो. आपल्याकडे जुलैत रूममध्ये ह्युमिडिटी पंचाहत्तरच्या घरात असते, मशीनची बरीच ताकद पाणी काढण्यात जाते आणि आत-बाहेरचा फरक कमी दिसतो. तीच मशीन मे महिन्यात नागपूरला कोरड्या हवेत लावली तर चार-पाच अंश जास्त फरक दाखवेल. मशीन तीच, चांगलीच. ह्युमिडिटी मोजली नाहीस तर कोकणपट्टीत दर पावसाळ्यात तुला सगळ्या मशीन "थंड करत नाही" वाटतील आणि तू गॅस भरत सुटशील. एक प्रोब इनडोअरच्या वर, जिथून हवा आत घेते, आणि एक खाली ग्रिलमध्ये. हवेचा वेग मोजायचा पंखेवाला प्रोब मात्र आता नको, स्प्लिटच्या ग्रिलमधून हवा इतकी वाकडीतिकडी येते की तीन ठिकाणी तीन आकडे मिळतात. डक्टेबलचं काम वाढलं तर बघू.

क्लॅम्प लावायची पद्धत हेल्परला तूच शिकव. जाड पाईपवरचं इन्सुलेशन थोडं सरकव, पाईप काळा किंवा हिरवा पडला असेल तर पॉलिश पेपरने चकचकीत कर, क्लॅम्प लावून वरून इन्सुलेशनचा तुकडा गुंडाळ, नाहीतर उन्हाची हवा लागून पाईप खोटा गरम दिसतो आणि सुपरहीट जास्त येते. पाव इंची पाईप म्हणजे ६.३५ मिलिमीटर, स्वस्त क्लॅम्पचा जबडा तिथे नीट बसत नाही, दुकानातच पाईपचा तुकडा नेऊन बघ. डिस्चार्जला लावणार असशील तर क्लॅम्पची वरची मर्यादा बघ, तिथे सहज नव्वदच्या वर जातं. महिन्यातून एकदा दोन्ही क्लॅम्प एकाच पाईपवर शेजारी शेजारी लाव, दोन्ही हवेचे प्रोब एकाच टेबलावर अर्धा तास ठेव, आकडे जुळतात का बघ. प्रेशर प्रोब लावायच्या आधी उघड्या हवेत झिरो करायचा, दरवेळी. हॉस्पिटलवाले उद्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागतील, मुंबई-पुण्यात एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅब आहेत, तिथून करून घेता येतं, खर्च एएमसीच्या कोटेशनमध्ये धर. दोन प्रेशर प्रोब झाले की त्यांना लाल-निळी टेप लाव आणि ॲपमध्ये नाव दे, नाहीतर शेजारच्या साइटवर कुणाचे तेच प्रोब चालू असतील आणि तू त्याचं प्रेशर वाचत बसशील.

एक सावधगिरी. हॉट अँड कोल्ड मशीन आली, नाशिककडे किंवा महाबळेश्वरच्या बंगल्यांत असतात, तर हीटिंग चालू केलं की तोच जाड पाईपचा पोर्ट हाय साइड होतो. ६० बारचा प्रोब सहन करेल, पण आर-२२ च्या जमान्यातला लो साइडचा काटा नाही. मोड बघूनच गेज लावायचं.

ब्रँड सांगा म्हणशील. चांगली सर्व्हिस जवळ मिळावी हा माझा पहिला निकष, म्हणून टेस्टोकडे माझा कल आहे, त्यांचं भारतातलं ऑफिस पुण्यातच आहे, प्रोब सुटे मिळतात. त्यात एएए सेल लागतात, कुठल्याही टपरीवर मिळतात, हे मला चार्जिंगवाल्यापेक्षा आवडतं. फील्डपीस उत्तम, दणकट, पण आपल्याकडे बिघडलं तर कुणाकडे जायचं हे डीलरकडून लिहून घे. इलिटेकसारखे चिनी प्रोब बजेटमध्ये बसतात, सुरुवात करायला वाईट नाहीत, फक्त अचूकतेचा कागद वाच. दुबईहून आणायचं असेल तर वॉरंटी कार्डवर इंडियात चालेल असं आहे का ते मेव्हण्याला दुकानातच फोटो काढून पाठवायला सांग. बहुतेक वेळा नसतं. मग दोन-तीन हजार वाचवण्यासाठी वर्षभर जीव टांगणीला कशाला, जीएसटी बिलावर इथेच घे.

जुना गेज सेट विकायचा नाही. नायट्रोजनचं प्रेशर टाकायला, गॅस भरायला, व्हॅक्युमला तोच लागेल, प्रोब मोजायला आहे, भरायला नाही. फोन पाण्यात पडला त्या दिवशी पण तोच लागेल.

पैसे निघतील का? घरगुती गिऱ्हाईक "प्रोबने चेक केलं" म्हणून शंभर रुपये पण जास्त देणार नाही, ती आशा सोड. तिथे पैसे वाचतात ते परत जाण्यात, गॅस भरून आलास आणि चौथ्या दिवशी पुन्हा फोन, ती फुकटची फेरी. बँक आणि हॉस्पिटलचं वेगळं आहे, तिथे सर्व्हिसच्या आधीचे आणि नंतरचे रीडिंग ॲपमधून पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठव, मॅनेजरला वर दाखवायला कागद लागतोच. पुढच्या एएमसी रिन्यूअलला रेट वाढवून मागताना हेच पीडीएफ घेऊन बस, आणि त्यातच मायक्रॉन गेजचा व्हॅक्युमचा फोटो पण टाक, तो बाकीचे कोटेशनवाले देणार नाहीत.